बहात्तर सेकंदांची सवय

"ताई, मी सातारा जिल्ह्यात दहावीत शिकते. पाचवीच्या आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मी गुणवत्ता यादीत होते, म्हणून सरांनी गेल्या वर्षी मला गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीला, आयओक्यूएमला बसवले. निवड झाली नाही. यंदा पुन्हा तयारी करते आहे. पण दहा मिनिटांत गणित सुटले नाही की मी उत्तर उघडते, 'हे मला कधीच सुचले नसते' असे वाटते आणि वही मिटते. बाबा रोज रात्री किती गणिते झाली ते विचारतात. पूर्वी गणित आवडायचे, आता वहीचीच भीती वाटते. मन पुन्हा कसे लागेल?"

प्रिय मुली,

मन कसे लागेल हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून ती दहा मिनिटे कुठून आली ते आधी पाहू. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणे हेच तिथले शहाणपण, आणि त्यात तू तरबेज झालीस. आयओक्यूएमला 3 तासांत 30 प्रश्न येतात, पुढच्या आरएमओ या प्रादेशिक फेरीला तेवढ्याच वेळात फक्त 6, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तर एका दिवसाला साडेचार तास आणि गणिते तीन. म्हणजे तिथे एका गणिताशी दीड तास झुंजणे अपेक्षितच धरलेले आहे. 72 सेकंदांच्या सवयीची मुलगी दहा मिनिटे थांबते, हे खरे तर पुष्कळ झाले; तुला मात्र तोच आपला मठ्ठपणा वाटतो.

एक जुने, प्रसिद्ध गणित घे. 1 ते 100 मधून कोणत्याही 51 संख्या निवडल्या, तर त्यांत एकीने दुसरीला नि:शेष भाग जातो अशी जोडी सापडतेच, हे सिद्ध करायचे आहे. पहिली दहा मिनिटे इथे काहीच सुचत नाही आणि ते अगदी स्वाभाविक आहे. अकराव्या मिनिटाला 100 च्या जागी 10 आणि 51 च्या जागी 6 घेऊन पाहा. 6, 7, 8, 9, 10 या पाच संख्यांत अशी जोडी नाही. पण त्यांत 4 घातलास की 8 अडवतो, 3 घातलास की 6, 5 घातलास की 10. हे का घडते, म्हणून त्या दहा संख्या मांडत बसलीस, तर कधीतरी 1, 2, 4, 8 एका ओळीत येतात, 3 आणि 6 दुसऱ्या, 5 आणि 10 तिसऱ्या, आणि 7 व 9 एकेकटे राहतात. एका ओळीतल्या कोणत्याही दोन संख्या घे, मोठीला लहानीने भाग जातो; ओळी पाच आणि संख्या सहा, म्हणजे दोन एका ओळीत येणारच. प्रत्येक ओळ एका विषम संख्येपासून सुरू होऊन दुप्पट होत जाते; शंभरापर्यंत विषम संख्या 50, म्हणून ओळीही 50. छापील उत्तरात हे सारे 'प्रत्येक संख्या विषम संख्या गुणिले 2 चा घात अशी लिहू' या एका ओळीत उरकलेले असते, आणि ती ओळ आकाशातून पडल्यासारखी वाटते. ती ज्या खोडाखोडीतून आली ती खोडाखोड कोणी छापत नाही.

म्हणून यापुढे दिवसाला एकच गणित घे आणि त्याला घड्याळ लावून 45 मिनिटे दे. सुटले नाही तर काय करून पाहिले आणि कुठे अडलीस ते दोन ओळींत लिहून उठ. तेच गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड. तरीही अडलीस, तर उत्तराच्या पहिल्या दोन ओळी वाचून पुस्तक मिट आणि उरलेले स्वतः कर. पूर्ण उत्तर वाचावेच लागले तर आठवड्याने ते न बघता लिहून काढ. वेग वाढवण्यासाठी रविवारी तीन तास लावून एक जुनी प्रश्नपत्रिका पुरे आहे.

आणखी एक सांगते. 1988 साली ऑस्ट्रेलियातल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधले सहावे गणित आजही त्याच्या काठिण्यासाठी ओळखले जाते. त्या वर्षी टेरेन्स टाओ या लहानग्या स्पर्धकाने सुवर्णपदक मिळवले, पुढे 2006 मध्ये त्याला फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मानही मिळाला. पण त्या सहाव्या गणितात त्याला 7 पैकी 1 गुण होता.

बाबांविषयी. त्यांचा प्रश्न काळजीपोटी आहे, पण दुकानातल्या हिशेबासारखा आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. रात्री वही त्यांच्यापुढे ठेव आणि आजचे गणित त्यांना मराठीत समजावून सांग, न सुटलेले असले तरी. त्यांना गणित येत नसले तर अधिकच चांगले, कारण न कळणाऱ्याला सांगताना आपली अडलेली जागा आपल्याला नेमकी दिसते. (वरचे ओळींचे कोडे मी स्वयंपाकघरात वाटाण्याचे दाणे मांडून समजावलेले आहे.)

मैत्रिणी फोनवरच्या गटात रोज सुटलेल्या गणितांचा आकडा टाकत असतील, तर तो गट परीक्षेपर्यंत बंद ठेव.

आयओक्यूएम अलीकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला होते. यंदा निवड झाली नाही, तर बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत ही वही कपाटात ठेव. अकरावीतही या परीक्षेला बसता येते. आणि तेव्हा ती काढावीशी वाटली नाही, तर काढू नकोस. तसे झाले तर सरांना काय सांगायचे याची चिंता करू नकोस, ते पत्र आपण दोघी मिळून लिहू.