मुंबईहून पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर नेण्याच्या फोर बाय फोर गाडीला किती क्षमतेची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) घ्यावी?

सामानासकट गाडीचे जे एकूण वजन होईल, त्याच्या किमान दीडपट ओढशक्तीची विंच घ्यावी. म्हणजे भरलेली गाडी २,४०० किलोची असेल तर ३,६०० किलो, अर्थात सुमारे ८,००० पौंडांच्या खाली जाऊ नये, आणि घाटमाथ्यावरचा चिखल पाहता ९,५०० पौंडांची विंच मला अधिक योग्य वाटते. याचे कारण असे, की उत्पादक जी क्षमता छापतात ती ड्रमवर (दोर गुंडाळायच्या रिळावर) दोराचा पहिलाच थर उरलेला असतानाची असते, आणि वरच्या प्रत्येक थरागणिक ती घटत जाते. म्हणून दोर बांधायचे आधाराचे झाड शक्यतो दूरचे निवडावे, म्हणजे जास्त दोर उलगडतो, किंवा स्नॅच ब्लॉक (दोर ज्यावरून वळवून परत गाडीकडे आणतात ती कप्पी) लावावा, ज्याने ओढ जवळपास दुप्पट होते (वेग मात्र निम्म्यावर येतो). मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी दोर गंजतो. त्यापेक्षा सिंथेटिक दोर बरा, कारण तो तुटला तरी तितक्या जोराने उसळत नाही, आणि इथे प्रश्न बाजूला उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाचा आहे. मात्र ऊन आणि वाळूचे घर्षण यांनी तो झिजतो, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर तो गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण उलगडून तपासलाच पाहिजे.