पॅनेलवरचा जीपीएस आणि मांडीवरचा टॅबलेट

विमान चालवायला शिकणाऱ्या, लातूरच्या एका क्लब सदस्याने विचारले आहे की, नकाशे, हवामान, विमानतळांचे तक्ते आणि विमानाचे स्वतःचे स्थान हे सारे टॅबलेटच्या एकाच पडद्यावर दिसत असताना विमानातील महागड्या जीपीएस यंत्राला काही भवितव्य उरते का, आणि त्याची बटणे शिकण्यात वेळ घालवावा का. वेळ अवश्य घालवावा, असे माझे मत आहे. प्रश्नात दोनच यंत्रे धरली आहेत. प्रत्यक्षात ती तीन आहेत आणि त्यांपैकी एकाचेच दिवस भरत आले आहेत.

ते म्हणजे योकवर (विमानाच्या सुकाणूवर) किंवा डॅशबोर्डवर अडकवायचे, केवळ वैमानिकांसाठी बनवलेले सुटे जीपीएस. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसची अचूकता मुद्दाम कमी ठेवणे बंद केले, त्यानंतर या यंत्रांचा सुवर्णकाळ आला. २००५ च्या गार्मिन ३९६ वर तर अमेरिकेत उपग्रहामार्फत हवामानही दिसू लागले होते. पुढे २०१० मध्ये आयपॅड आला आणि तेच काम मोठ्या पडद्यावर, कमी खर्चात होऊ लागले. गार्मिनने २०२० मध्येही एरा ७६० बाजारात आणले, तेव्हा ही जात अगदी नामशेष झालेली नाही. परंतु आजच्या विद्यार्थ्याने असे यंत्र विकत घ्यावे, असे मी सुचवणार नाही.

पॅनेलमध्ये पक्के बसवलेल्या प्रमाणित यंत्राची गोष्ट निराळी आहे. १९९८ च्या गार्मिन ४३० मध्ये जीपीएस, व्हीओआर (जमिनीवरून दिशा सांगणारे रेडिओ केंद्र) व आयएलएस (धावपट्टीवर उतरवणारे रेडिओ मार्गदर्शन) यांचा रिसीव्हर आणि संभाषणाचा रेडिओ एकाच पेटीत होते, आणि ही पेटी समोरच्या कोर्स इंडिकेटरला (मार्गापासून किती बाजूला सरकलो ते दाखवणाऱ्या काट्याला) व ऑटोपायलटला जोडता येत असे. अशा यंत्राचे खरे मोल नकाशात नसून स्वतःवर शंका घेण्याच्या त्याच्या क्षमतेत आहे. किमान पाच उपग्रह दिसत असतील, तर यंत्र त्यांची गणिते एकमेकांशी ताडून पाहते आणि मेळ बसला नाही, तर तसा इशारा देते. टॅबलेटवरील छोटे विमान मात्र स्थान चुकीचे असले तरी त्याच आत्मविश्वासाने सरकत राहते. त्यामुळेच ढगांतून उतरताना उपग्रहाधारित अप्रोचसाठी (धावपट्टीकडे उतरत येण्याच्या ठरलेल्या मार्गासाठी) प्रमाणित यंत्रच लागते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या जीपीएसचे संकेत अधिक अचूक करणाऱ्या ‘गगन’ प्रणालीला उंचीच्या (उभ्या) मार्गदर्शनासह अप्रोचसाठी २०१५ मध्ये प्रमाणपत्र मिळाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एटीआर विमान तिच्या साहाय्याने किशनगडला उतरले. आयएलएसचा खर्च न परवडणाऱ्या छोट्या धावपट्ट्यांना याचा मोठा आधार होऊ शकतो, परंतु त्यासाठी विमानात तसा प्रमाणित रिसीव्हर हवा.

आता आपल्याकडच्या उन्हाविषयी, कारण परदेशी लेखांत हा मुद्दा एका ओळीत उरकलेला असतो. आयपॅड वापरण्यासाठी अ‍ॅपलने दिलेली तापमानमर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतात, आणि अ‍ॅप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) काचा बंद करून उभ्या असलेल्या सेसना विमानाच्या आत त्याहून कितीतरी अधिक. चिकलठाण्याहून नांदेडला निघताना टॅबलेट काचेजवळ लावला, तर आधी पडद्याचा उजेड आपोआप मंदावतो, मग चार्जिंग थांबते आणि शेवटी थर्मामीटरचे चित्र दाखवून पडदा काळा होतो. हे बहुधा टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाच घडते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. टॅबलेट मांडीवर, सावलीत ठेवावा, जाड कव्हर काढून टाकावे आणि एअर व्हेंटचा झोत त्याच्या पाठीवर येऊ द्यावा. दुपारच्या गरम हवेत विमान उसळू लागले, की पडद्यावर बोट नेमके टेकवणेही कठीण होते. पॅनेलवरचा नॉब मात्र हात चौकटीला टेकवून निवांत फिरवता येतो. फक्त स्पर्शावर चालणारे पॅनेल मला आवडत नाही, ते याच कारणामुळे.

टॅबलेटला कमी लेखण्याचे कारण नाही. उड्डाणापूर्वीचे नियोजन, वजन आणि समतोलाचे गणित, तक्ते, नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) यांसाठी त्याला तोड नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये वैमानिकांच्या सुमारे १६ किलोच्या कागदी बॅगा काढून आयपॅड दिले. त्याच कंपनीची अनेक उड्डाणे एप्रिल २०१५ मध्ये रखडली, कारण एका विमानतळाचा तक्ता अ‍ॅपमध्ये दोनदा आला आणि अ‍ॅपच बंद पडले. विमाने मात्र ठणठणीत होती.

आणखी एक धोका या सर्व यंत्रांना सारखाच आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात प्रामुख्याने अमृतसर आणि जम्मू भागात जीपीएसमध्ये हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. खोटा संकेत पुरेसा सफाईदार असेल, तर पॅनेलवरचे यंत्रही फसू शकते. म्हणून व्हीओआर लावून ठेवावा आणि बाहेर पाहावे: पैठणचा नाथसागर मागे पडला असेल, गोदावरी उजव्या हाताला असेल आणि पडद्यावरचे विमान भलतीकडेच दिसत असेल, तर गोदावरीवर विश्वास ठेवावा.

पुढील काळात टॅबलेट आणि पॅनेलवरचा जीपीएस ही दोन्ही यंत्रे जोडीनेच राहतील, असे दिसते. टॅबलेटवर आखलेला मार्ग ब्लूटूथने पॅनेलवरील यंत्रात पाठवण्याची सोय २०१४ पासून उपलब्ध आहे, आणि आखणी मांडीवर, उड्डाण पॅनेलवर ही विभागणी मला टिकाऊ वाटते. तुम्हाला टॅबलेट घ्यायचाच असेल, तर सिमकार्डची सोय असलेला घ्या; केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. क्लबच्या विमानात बसाल तेव्हा यंत्र सुरू होताना दिसणारी डेटाबेसची तारीख आधी वाचा. हा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो, आणि प्रशिक्षणाच्या विमानांत तो बदलायचा राहून गेलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही.