१,२०० किलोचा मोल्ड (साचा) दोन एम १६ (१६ मिमी व्यासाच्या) आय बोल्टवर, म्हणजे डोक्याला रिंग असलेल्या बोल्टवर, उचलतो. एकाची क्षमता ७०० किलो, मग महागडी हॉइस्ट रिंग (फिरती, कलती उचलकडी) हवीच कशाला?

‘एकाचे ७००, दोघांचे १,४००, मोल्ड १,२०० चा, मग अडचण काय?’ हा हिशोब ऐकला की माझं डोकं फिरतं. स्टोअरवाल्यांशी माझं याच आकड्यावरून जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आय बोल्टच्या जर्मन मानकातले, डीआयएन ५८० च्या तक्त्यातले ते ७०० किलो सरळ उभ्या ओढीचे आहेत. तुमचा हुक एक आणि स्लिंग (उचलायचे पट्टे किंवा साखळ्या) दोन, म्हणजे दोन्ही बोल्टवर ओढ तिरकी. तिरक्या ओढीला, उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत, त्याच तक्त्यात एम १६ ला बोल्टमागे ५०० किलोच आहेत. दोघांचे १,०००. तुम्ही २०० किलोने वर आहात आणि ‘आजवर काही झालं नाही’ यावर काम चाललंय.

यावर ठरलेला प्रतिवाद असा: स्लिंग लांब घेतल्या, आडव्या रेषेशी ६० अंश ठेवले, तर एका स्लिंगमधला ताण ६९३ किलो येतो, म्हणजे ७०० च्या आतच की! ताणाचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चूक. आय बोल्ट ताणाने क्वचित तुटतो. तिरकी ओढ त्याला कॉलरच्या (रिंगखालच्या रुंद गोल बैठकीच्या) खाली, जिथे आटे सुरू होतात तिथे वाकवते आणि तडा तिथूनच जातो. (४५ अंशांना तोच ताण ८४९ होतो, ३० ला थेट १,२००. स्लिंग आखूड घेणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.)

वाकणं अडवते ती कॉलर, पण ती पूर्ण टेकली असेल तरच. खाली रंगाचा पापुद्रा, चिप किंवा नखाएवढी फट राहिली, तर कॉलर असून नसल्यासारखी. बिनकॉलरचा आय बोल्ट तर तिरक्या ओढीला लावूच नका.

दुसरी गोष्ट आय बोल्टच्या रिंगच्या दिशेची. रिंगचं प्रतल स्लिंगच्या रेषेत हवं. आडवं राहिलं तर बोल्ट कमकुवत बाजूने वाकतो, शिवाय ओढीने फिरून सैल होतो. पूर्ण कसल्यावर रिंग आडवी आली की लोक पाव फेरा उलटा फिरवून जुळवतात. म्हणजे कॉलर उचलली गेलीच! त्याऐवजी कॉलरखाली शिम (धातूची पातळ चकती) घाला. एम १६ चा पिच (एका फेऱ्यात बोल्ट जेवढा आत जातो तो) २ मिमी, म्हणून ०.५ मिमीच्या शिमने रिंग पाव फेरा वळते. अर्ध्या फेऱ्यानंतर रिंग पुन्हा त्याच प्रतलात येते, त्यामुळे १ मिमीपेक्षा जाड शिम कधी लागतच नाही. लागतेय असं वाटलं तर भोक किंवा आटे तपासा.

एकच स्लिंग दोन्ही रिंगांतून ओवून हुकात अडकवणं बंद करा. त्यात दोन्ही बोल्ट एकमेकांकडे खेचले जातात. प्रत्येक बोल्टला वेगळी स्लिंग आणि शॅकल (पिनवाली यू आकाराची कडी).

आता हॉइस्ट रिंग. ती ओढीच्या दिशेला फिरते आणि कलते, त्यामुळे अंगावर कोरलेली क्षमता कुठल्याही कोनात पूर्ण मिळते. मोल्ड आडवा-उभा करताना ओढ बोल्टच्या अक्षाशी ९० अंशांवर जाते. तिथे आय बोल्ट वापरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, मोल्डखालून बाजूला होतो. पण नुसती विकत घेऊन भागत नाही. तिच्यावर लिहिलेला टॉर्क (कसण्याचा पीळ) टॉर्क पान्यानेच द्यायचा. फ्लँज (तिची खालची सपाट बैठक) थेट यंत्रित सपाट पृष्ठावर बसायला हवी, मधे वॉशर किंवा शिम चालत नाही (आय बोल्टच्या नेमकं उलट). आटे पोलादात व्यासाच्या दीडपट, म्हणजे एम १६ ला २४ मिमी, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट. भोक आरपार नसून तळाशी बंद असेल तर खोली आधी मोजा. बोल्ट तळाला टेकला की पाना ‘टक्’ करतो, टॉर्क मिळाल्यासारखा वाटतो आणि फ्लँज मात्र अधांतरी असते. कसल्यावर रिंग हाताने फिरवून, कलवून बघा. अडली तर उचलू नका. तिचा बोल्ट बदलायचा तर उत्पादकाचाच, पेटीतला कुठलाही नाही.

पैसे नसतील तर निदान एम २० चे भोक करून घ्या. त्याला तिरक्या ओढीला ८६० किलो आहेत, दोघांचे १,७२०. अट तीच, कोन उभ्यापासून ४५ च्या आत.

आणि हो, हे सगळे आकडे क्षमतेचा शिक्का असलेल्या मालाचे. शिक्का नसलेल्या आय बोल्टला आकडाच नाही. पाच अष्टमांश इंची बोल्ट एम १६ च्या भोकात दोन-तीन आटे जातो आणि घट्ट वाटतो, तेव्हा पेटीतले इंची बोल्ट आजच वेगळे काढा.