बाबा घरच्या कॉम्प्युटरवर नेटबँकिंग करतात, विकतचा अँटिव्हायरस घ्यावाच का?

विंडोज ११ असेल तर गरज नाही. त्यात डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आधीच असतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. विंडोज १० असेल तर आधी त्याचं बघा, कारण मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलाय.

खरं सांगायचं तर मला बाबांसाठी व्हायरसपेक्षा एका खिडकीची जास्त धास्ती वाटते. रेसिपी बघता बघता अख्खी स्क्रीन लाल होते, भोंगा वाजायला लागतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’. ते नुसतं वेबपेज असतं, बाकी काही नाही! एस्केपचं बटण दाबून धरा. तरी हललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना जुनी पानं आणू का असं विचारलं तर नाही म्हणा. फोन मात्र अजिबात करायचा नाही. पलीकडचा गोड बोलून एनीडेस्कसारखं दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावतो, मग माउस त्याच्या हातात.

बँकेची साइट गुगलवर शोधून उघडू नका, वरच्या जाहिरातींत नकली लिंक असू शकते. बुकमार्क करून द्या. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’वर गेलेत, तेही बाबांना दाखवा. साइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर भुलू नका, ते चोरालाही मिळतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.