ती दोन ओळींची अट

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. बाळ,

लिनक्सच्या कर्नलसाठी (म्हणजे त्याच्या गाभ्यासाठी) तू केलेला पॅच, कोडमधला बदल, काल रात्री वाचून काढला. नावं सुधारलीस, तीन ठिकाणी सांडलेलं तेच गणित एका फंक्शनमध्ये आणलंस, झकास. पण त्याच झाडलोटीत क्यूबिकमधली, म्हणजे नेटवर्कवर एका दमात किती डेटा सोडायचा हे ठरवणाऱ्या कोडमधली, दोन ओळींची एक अटही गेली: एपॉक स्टार्ट (जिथून वाढीचा वेळ मोजतात ती वेळ) आत्ताच्या वेळेपुढं गेला असेल, तर तो आत्तावर आणायचा. सुरुवातीची वेळ भविष्यात कशी जाईल, असं तुला वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

सध्या गाळप हंगाम आहे, म्हणून उसाचंच घे. गाडीतळावर ट्रॉल्या तुंबू नयेत म्हणून कारखाना तोड बेतानं देतो. तसंच इथं पॅकेट मिळाल्याची पोच आली की खिडकी (पोच येण्याआधी एका वेळी वाटेत असू शकणारी पॅकेटं) वाढते, पॅकेट हरवलं की आखडते. क्यूबिकचा हिशेब मात्र आखडल्यापासून किती वेळ गेला यावर चालतो. समज, पावसानं तोड चार दिवस बंद राहिली आणि ते चार दिवसही वाढीत धरून कुणी पाचव्या दिवशी दुप्पट तोड दिली. काट्यापासून हमरस्त्यापर्यंत रांग!

लिनक्समध्ये नेमकं हेच होत होतं. प्रोग्रॅम गप्प बसून पुन्हा पाठवू लागला की खिडकी उडी मारायची. क्यूबिक 2006 पासून डिफॉल्ट, आणि ही खोड नेटवर्कतज्ज्ञ जना अय्यंगार यांच्या लक्षात आली 2015 मध्ये. मग कर्नलचे डेव्हलपर एरिक डुमाझे यांनी गप्प बसलेला वेळ एपॉक स्टार्टमध्ये मिळवला. पण तो वेळ मोजला जायचा पाठवताना, आणि एपॉक लागायचा पोच आल्यावर. त्यामुळं बेरीज कधीकधी आत्ताच्या पुढं जायची, वजाबाकी ऋण यायची, आणि बिनचिन्ही (ऋण संख्या न मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये पडून तीच अवाढव्य व्हायची. खिडकी पुन्हा उधळायची. म्हणून लगोलग ही अट आली. पक्का इलाज करायला आणखी एक व्हेरिएबल लागेल आणि तेवढा खटाटोप परवडत नाही, हेही त्यांनी कमिटमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या नोंदीत, सरळ लिहून ठेवलंय. गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या बदलातून आली ते दाखवणारी आज्ञा) केलं असतंस तर दोन मिनिटांत सापडलं असतं.

(आणि 717 ला हात लावू नकोस. पॅकेट हरवलं की खिडकी 0.7 पट करतात; कर्नलमध्ये दशांशाचं गणित टाळतात, म्हणून 0.7 तिथं 717 भागिले 1024 असा बसलाय.)

माझ्या पहिल्या नोकरीत मी नावं आणि वागणूक एकाच पॅचमध्ये बदलली होती. महिन्याभरानं गिट बायसेक्टनं (बिघाड कुठल्या बदलात शिरला ते शोधणाऱ्या आज्ञेनं) त्याच पॅचवर बोट ठेवलं. आतली ओळ शोधण्यात आठवडा गेला. तू तुकडे कर. नावबदलाचा पॅच वेगळा, आणि त्याच्या आधीची व नंतरची ऑब्जेक्ट फाईल (कोडपासून तयार झालेला मशीन कोड) ताडून बघ. मशीन कोड बदलला असेल तर ती नुसती साफसफाई नव्हे.

अट काढायचीच असेल तर आधी नेटएमनं (नेटवर्कमध्ये मुद्दाम उशीर आणि गळती आणणाऱ्या साधनानं) 50 मिलिसेकंदांचा उशीर लाव, थोडी पॅकेट गळू दे, मधे दहा सेकंद गप्प बसणारा प्रवाह सोड. 'स्लो स्टार्ट आफ्टर आयडल' ही सेटिंग मात्र बंद ठेव, नाहीतर कर्नल स्वतःच खिडकी आखडेल आणि चित्र धूसर होईल.

रविवारी घरी ये. येताना खिडकीचा आलेख घेऊन ये, अटीसह एक आणि अटीविना एक.

— सर