वाचकांचे प्रश्न : नवे यंत्र, जुनी पद्धत

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील रक्तशर्करेच्या नव्या यंत्राचा प्रमाण पद्धतीशी सहसंबंध (दोन मोजमापे एकमेकांसोबत किती बदलतात ते सांगणारा आकडा; कमाल १) ०.९८ आला; एवढ्यावर ते स्वीकारावे काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. यंत्र प्रत्येक नमुन्यात २० मिलिग्रॅम जास्त दाखवत असले, तरी सहसंबंध तितकाच उत्तम येईल, कारण तो मेळ नव्हे, केवळ सरळरेषीय नाते मोजतो. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सुचवल्याप्रमाणे प्रत्येक नमुन्याच्या दोन मोजमापांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडावा आणि सरासरी फरकाच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे फरक किती विखुरलेले आहेत याचे माप) मर्यादा आखाव्यात; बहुतेक फरक या मर्यादांच्या आत येतात. या मर्यादांएवढा फरक उपचारास चालेल काय, हे डॉक्टरांनी आधीच ठरवावे; आलेख पाहून ठरवणे म्हणजे निकालानंतर उत्तीर्णतेचे गुण ठरवण्यासारखे आहे. नमुन्यांत कमी आणि जास्त शर्करेचे रुग्णही हवेतच.