कॉन्स्टंटाइन की स्टिमॅक? एका जुन्या स्टॉपरचं उत्तर

तुम्ही विचारलंय की स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि इगोर स्टिमॅक या भारतीय फुटबॉल संघाच्या दोन माजी प्रशिक्षकांच्या पद्धतीत नेमका फरक काय होता, आणि शाळेच्या मुलांना शिकवताना तुम्ही कुणाचा कित्ता गिरवावा. माझं उत्तर कॉन्स्टंटाइन. कॉन्स्टंटाइनचा फुटबॉल बघवत नव्हता असं म्हणणारे खूप भेटतात. त्यातले बहुतेक जण आयुष्यात कधी स्टॉपरच्या, म्हणजे गोलपुढच्या मधल्या बचावपटूच्या, जागेवर उभे राहिलेले नसतात.

कॉन्स्टंटाइनचं काम सरळ होतं. ४-४-२, म्हणजे मागे चार, मध्ये चार, पुढे दोन; चार-चारच्या दोन ओळी जवळजवळ, मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. बॉल मिळाला की कडेने पळणाऱ्या उदांता किंवा हालिचरणच्या पुढे टाकायचा, नाहीतर गोलकीपर गुरप्रीतने लांब किक मारायची आणि पडणाऱ्या बॉलवर सगळ्यांनी तुटून पडायचं. फिटनेसवर त्याचा भर जबरदस्त. नाव कितीही मोठं असो, पळत नसेल तर तो बाहेर. नवी पोरं त्याने बिनधास्त खेळवली. २०१५ मध्ये तो दुसऱ्यांदा आला त्या वर्षी संघ फिफा क्रमवारीत १७३ पर्यंत घसरला होता, आणि तो आल्यावरही आपण ग्वामसारख्या चिमुकल्या बेटाकडून हरलो होतो. २०१७ च्या जुलैमध्ये आपण ९६ वर होतो.

आणि बघवत नाही म्हणणाऱ्यांनी ६ जानेवारी २०१९ ची अबुधाबीची मॅच पुन्हा लावावी. आशियाई चषक, समोर थायलंड, मध्यंतराला १-१. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच उदांता उजवीकडून सुटला, त्याने बॉल आत टाकला, आशिकचा टच मागे आला आणि स्ट्रायकर सुनील छेत्रीने धावत येऊन पहिल्याच टचमध्ये आत घातला. नंतर थापाने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चिप केला, मग जेजे. ४-१. दुसऱ्याच दिवशी थायलंडने आपला प्रशिक्षक काढला.

स्टिमॅक वेगळ्या मातीतला. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा डिफेंडर. त्याला मागून बांधत आणलेला खेळ हवा होता: गोलकीपरकडून स्टॉपरकडे, स्टॉपरकडून हाफकडे (मधल्या फळीतल्या खेळाडूकडे), घाई नाही. ऐकायला फार छान वाटतं. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादला ताजिकिस्तानविरुद्ध आपण २-० ने पुढे होतो आणि ४-२ ने हरलो. पुढच्याच मॅचमध्ये उत्तर कोरियाने पाच घातले. शिकण्याची किंमत मोजावी लागते, असं तेव्हा सगळे म्हणत होते. ती किंमत मोजणारा प्रत्येक वेळी मागे खेळणारा पोरगा असतो, हे कुणी म्हणत नव्हतं.

हे मी इतक्या खात्रीने का सांगतोय ते सांगतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. वर्ल्ड कप आला की ब्राझील-अर्जेंटिनावरून गल्लीत वाद पेटतात, पण खरा जीव अडकलेला असतो तो शाहू स्टेडियमवरच्या लीगमध्ये. मी आमच्या मंडळाचा स्टॉपर होतो. अंगाने दणकट, हेडिंग चांगलं, डावा पाय कामापुरता. आधीचे कोच एवढंच सांगायचे: पहिला बॉल तुझा, मिळाला की काढ. त्यावर आम्ही सीझनच्या सीझन नीट खेळलो.

मग मंडळात नवे सर आले. शिकलेले होते, सर्टिफिकेट होतं, बोलणं लाघवी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की यापुढे बॉल उडवायचा नाही, मागून बांधत यायचं. मला तेव्हा ते आवडलंही. कुणाला नाही आवडणार? सकाळच्या सरावात कोरड्या मैदानावर, अंगावर कुणी येत नसताना, आम्ही ते सुंदर करायचो.

सेमी फायनलच्या दिवशी दुपारी वळीव कोसळला. कोल्हापूरचा वळीव ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं करतो. पाऊस थांबला, मॅच सुरू झाली. गोलपुढची माती काळीभोर, लोण्यासारखी, बूट चिखलातून उचलताना चप्प आवाज यायचा. पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. मी गोलकीपरला हाताने खूण केली की लांब मार. लाइनवरून सरांचा आवाज आला, "खाली खेळा, उडवायचा नाही!" त्याने मला खाली दिला. मी हाफकडे बघितलं, तो पंधरा यार्डांवर, मध्ये ते पाणी. पुन्हा तोच आवाज, "त्याला दे, त्याला दे!" मी दिला. बॉल पाण्यात गेला आणि जागीच मेला. त्यांचा फॉरवर्ड माझ्याआधी पोचला. १-० ने हरलो.

इथपर्यंत मला काहीच तक्रार नाही. खेळात असं होतं. तक्रार पुढे आहे. रात्री तालमीत सगळे बसले होते, लहान पोरं, म्हातारे कार्यकर्ते, माझे वडीलही मागे उभे होते. सर म्हणाले की आपला प्लॅन बरोबर होता, स्टॉपरने पास कमी ताकदीने मारला, त्याला प्रेशरमध्ये खेळता येत नाही. एवढंच. ज्या माणसाने दोनदा ओरडून तो पास मारायला लावला होता, त्याच्या तोंडून आपण ओरडलो होतो हे आलंच नाही. पुढच्या सीझनला मी बेंचवर होतो. वडील त्यानंतर स्टेडियमवर आले नाहीत.

म्हणून मी शैलीकडे फार बघत नाही. प्रशिक्षक खेळाडूला धोका पत्करायला सांगतो तेव्हा त्यातून झालेला गोल कुणाच्या नावावर लावतो, हे बघतो. १४ जानेवारी २०१९, शारजा, बहरीन. बरोबरी झाली असती तरी आपण पुढच्या फेरीत होतो. सुरुवातीलाच स्टॉपर अनस जखमी होऊन बाहेर गेला, तरी नव्वद मिनिटं संघाने मागे राहून झुंज दिली, आणि भरपाईच्या वेळेत पेनल्टी. ०-१, आपण स्पर्धेबाहेर. कॉन्स्टंटाइनने त्या मॅचनंतर तिथेच राजीनामा दिला. फाउल करणाऱ्या पोरावर त्याने खापर फोडलं नाही.

स्टिमॅकने खेळाडूंवर ढकललं असं मी म्हणत नाही, उलट तो त्यांच्या बाजूने बोलायचा. पण त्याचं बोट कायम बाहेर असायचं: सामन्यांचं कॅलेंडर, क्लब, फेडरेशन. २०२४ च्या आशियाई चषकात तीन मॅच, शून्य गोल, सहा खाल्ले. मार्चमध्ये गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या मॅचला, मुख्य खेळाडूंपैकी बरेच जण नसलेल्या अफगाणिस्तानकडून १-२. कॉन्स्टंटाइनला शारजात जे सुचलं ते त्याला गुवाहाटीत सुचायला हवं होतं. जूनमध्ये फेडरेशनने काढलं तेव्हा तो गेला.

माझा मावसभाऊ त्याच मंडळात हाफ होता, तो पास त्यालाच होता. तो अजून म्हणतो की सरांचा विचार बरोबर होता आणि स्टिमॅकचाही, आपल्याकडची पोरंच कमी पडतात. त्याला मी दर वेळी १० सप्टेंबर २०१९ ची मॅच काढून दाखवतो. दोहा, आशियाचा विजेता कतार, छेत्री आजारी. ०-० सुटली. स्टिमॅकच्या कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला निकाल हाच. आणि तो कसा आला? मागे दाट बसून, झिंगन आणि आदिल खान यांनी हेडवर हेड मारून, गुरप्रीतने एकामागून एक बॉल अडवून. कॉन्स्टंटाइनच्या पद्धतीने. त्या रात्री स्टिमॅकने संघाकडे बघून खेळ ठरवला आणि पोरं अजिबात कमी पडली नाहीत. मावसभाऊ यावर विषय बदलतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ मध्ये स्टिमॅकचा संघ खरोखर छान खेळला. भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या लेबनॉनविरुद्धच्या फायनलमध्ये पुजारी, छांगटे, छेत्री असा जो पहिला गोल झाला तसा गोल कॉन्स्टंटाइनच्या संघाकडून क्वचितच झाला असता. मग बेंगळुरूला कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ (दक्षिण आशियाई) चषक, क्रमवारी ९९. कॅलेंडरबद्दलही त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. २०१९ च्या आशियाई चषकाआधी आयएसएल, म्हणजे देशातली मोठी क्लब लीग, डिसेंबरच्या मध्यातच थांबली होती, त्याच्या वेळी डिसेंबर संपेपर्यंत चालू होती. वर अन्वर अली, जिक्सन, आशिक जखमी. कॉन्स्टंटाइनने बहरीनविरुद्ध जरा पुढे खेळायला हवं होतं, हेही मला मान्य आहे. बरोबरीसाठी इतकं मागे बसलं की शेवटी काहीतरी होतंच.

तुमच्या शाळेच्या संघाबद्दल. लहान मुलांना बॉल खाली खेळायला शिकवाच, त्या वयात नुसतं उडवायला शिकवलं तर पुढे काही येत नाही. पण मॅचआधी मैदानावर स्वतः चालून बघा, बॉल टाकून बघा कुठे थांबतो ते. स्टॉपरला सांगून ठेवा की अंगावर दोघे आले तर बाहेर काढ, मी काही बोलणार नाही, आणि मग खरंच बोलू नका. तुम्ही ओरडून मारायला लावलेल्या पासवर गोल झाला तर त्याच संध्याकाळी, सगळ्या मुलांसमोर, ‘तो पास मी मारायला सांगितला होता’ असं म्हणा. त्याचे आईवडील आले असतील तर त्यांच्यासमोरही म्हणा.